जिभेखालची गोळी

मला क्षयरोग झाला होता. तो बरा झाला. एवढे लिहून थांबता आले असते आणि माझ्या स्वभावाला तेच शोभले असते. परंतु आमच्या पाळकांनी सांगितले की या रानातल्या गावांत अजून पुष्कळ माणसे खोकला लपवून बसली आहेत, आणि त्यांतली काही प्रभूची लेकरे आहेत; त्यांच्यासाठी लिहा. म्हणून लिहितो. औषधांची नावे आणि छातीच्या फोटोचा अर्थ डॉक्टरांनी सांगावा. माझ्यावर काय गुजरले आणि माझ्या स्वर्गीय पित्याने मला कसे वागवले, तेवढे मी सांगतो. यात मला कमीपणा आणणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्या गाळलेल्या नाहीत.

मी वनखात्यात वनपाल होतो. निवृत्तीनंतर एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. गावात गोंडांची घरे पुष्कळ, ख्रिस्ती घरे थोडी. त्या थोड्या घरांच्या मंडळीचा मी बावीस वर्षे मुख्य पंच होतो.

पांढरे कापड

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. प्याला एकच. पाळक आशीर्वाद मागतात आणि मुख्य पंच तो प्याला रांगेतून फिरवतो. प्रत्येकाने घोट घेतला की पांढऱ्या कापडाने कड पुसायची आणि पुढच्याच्या ओठांशी धरायची, हे माझे काम. बावीस वर्षांत माझ्या हातून थेंब सांडला नाही.

मला तीन महिन्यांपासून खोकला होता. त्याचे कारण माझ्याकडे तयार होते. दर उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात पट्टे जाळावे लागतात; आम्ही त्यांना जाळरेषा म्हणतो. पस्तीस वर्षे मी त्या धुरात उभा राहिलो. वनखात्याचा म्हातारा खोकतोच, असे मी पत्नीला सांगत असे. अंगरखा सैल होऊ लागला तेव्हा मी शिंप्याला दोष दिला.

त्या रविवारी प्याला हातात असतानाच खोकल्याची उबळ आली. दुसरे काही हाताशी नव्हते, म्हणून तेच कापड मी तोंडावर धरले. खाली घेतले तेव्हा त्यावर रुपयाएवढा तांबडा डाग होता. मी घडी घातली, डाग आत गेला, आणि उरलेल्या रांगेला प्याला दिला. एकही भक्त दचकला नाही. मला वाटले, कोणी पाहिले नाही.

शेवटच्या चटईवर बसलेल्या एका बाईने पाहिले होते. ती प्रभुभोजन सुरू झाले की उठून जाई, कारण तिला ते घेण्याची परवानगी नव्हती. त्या दिवशी ती दारापर्यंत जाऊन थांबली होती. ती माझी मुलगी, सलोमी.

तिचे नाव

हे आताच सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

सात वर्षांपूर्वी सलोमीने आमच्याच गावच्या, नाल्यापलीकडच्या सोमाशी लग्न केले. सोमा गोंड, त्याच्या घराण्याची श्रद्धा वेगळी. लग्न त्यांच्या रीतीने त्यांच्या अंगणात झाले. आमच्या मंडळीचा नियम असा होता की, मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचे नाव यादीतून कमी करावे व त्याला प्रभुभोजनास बसू देऊ नये. पंचांच्या सभेत पाळक म्हणाले, एक महिना थांबू या. मी म्हणालो, माझ्याच मुलीसाठी थांबलो तर उद्या दुसऱ्याच्या मुलीला काय सांगू? ठराव मी मांडला. नाव मी माझ्या हाताने, पट्टी ठेवून, सरळ रेषेत खोडले. सलोमी समोर बसली होती. ती काही बोलली नाही.

त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. एका गावात राहून सात वर्षे न बोलणे वाटते तितके कठीण नाही. सवय होते. मी त्याला निष्ठा समजत होतो.

मधल्या काळात ती गावाची आशा कार्यकर्ती झाली. गरोदर बायांना दवाखान्यात नेणे, मुलांना डोस पाजणे, तापाच्या माणसाचे रक्त तपासणे, हे तिचे काम. लोक तिचे नाव घेत तेव्हा मी विषय बदलत असे.

डबी

सोमवारी सकाळी ती आमच्या ओसरीवर आली. सात वर्षांत प्रथमच. हातात झाकणाची लहान प्लास्टिकची डबी. मी खुर्चीवर बसलो होतो. ती माझ्याकडे न पाहता आईशी बोलली.

"आई, बाबाले सांग, सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता जे खोकल्यातून पडन, ते या डबीत थुंकाचं."

पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "अजी, आयकलं काय?"

"तिला सांग," मी म्हणालो, "की मला धुराचा खोकला आहे."

"आई, बाबाले सांग, धूर रगत नाई थुंकत."

"तिला सांग, माझ्या दारात ऑफिस मांडू नकोस."

पत्नीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मी काय पोस्टमन हाय? दोन हातावर बसून राह्यले न माह्या मुखानं बोलून राह्यले! डबी ठेव पोरी इथी, न जा."

डबी आठ दिवस कोनाड्यात पडली. नवव्या दिवशी अंगणात मला उबळ आली आणि जे पडले ते माती टाकून झाकावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी भरली आणि पत्नीने ती नाल्यापलीकडे नेली.

उत्तर तीन दिवसांनी आले. सलोमीने ते आईला सांगितले नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, टीबी हाय. बरा होते. आजच्या आज गडचिरोलीले जाच लागन, रगत जास्त जाऊन राह्यलं."

सात वर्षांनी थेट मला मारलेली 'बाबा' ही हाक आणि रोगाचे नाव एकाच श्वासात आले. मी फक्त पिशवी भरा असे म्हणालो.

खिडक्या

जिल्ह्याच्या रुग्णालयात मी पंधरा दिवस होतो. दिवस ठरलेला असे. सहाला झाडू, मग चहा, मग गोळ्या, नऊला डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. तोंडावर कायम मास्क. खिडक्या कायम उघड्या. डिसेंबर होता, आणि पहाटे अंगावरचे पांघरूण बर्फासारखे लागे. खिडकी लावा म्हटले की परिचारिका म्हणे, "काका, हवा हेच अर्धे औषध आहे."

भीती कशाची वाटत होती ते स्पष्ट लिहितो. मरणाची फारशी नव्हती. मला प्याल्याची भीती होती. ज्या हाताने मी प्रभूचा प्याला धरला त्याच हाताने मी सगळ्या मंडळीला हा रोग पाजला, असे माझ्या मनाने घेतले होते. म्हाताऱ्या मरियाबाई, दानियलभाऊंच्या नाती, एकेक ओठ मला आठवत असे.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या तरुण होत्या, माझ्या मुलीहूनही लहान. त्या म्हणाल्या, "प्याल्याने हा रोग होत नाही. तो हवेतून जातो. बंद खोलीत खोकल्याने, मोठ्याने बोलण्याने, गाण्याने."

मी मान खाली घातली. आमच्या प्रार्थनागृहाचे छप्पर बुटके आहे. थंडीत मी स्वतः खिडक्या लावून घेत असे, आणि गीतांना सुरुवात मीच करीत असे, सर्वांत मोठ्या आवाजात. प्याला जपला होता. खिडकीकडे लक्षच गेले नव्हते.

"सर्वांची तपासणी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावच्या आशाताईंनी काल सुरूही केली आहे. हुशार आहेत हो."

मी सांगितले नाही की ती माझी कोण.

शेजारच्या खाटेवर सावली तालुक्यातले नामदेवभाऊ होते. धानाची शेती, रोग माझाच, जीभ मात्र निरोगी. मी हात जोडून बसलेला दिसलो की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे.

"काय जी वनपालसाहेब, कोनाले अर्जी लिहून राह्यले?"

"माझ्या स्वर्गीय पित्याला."

"म्हंजे देव तुमचा बाप लागते?"

"हो."

"मंग तो भेटाले काऊन येत नाई? माहा बाप मेला, नाईत तो बैलबंडीनं आला असता. शिव्या देत आला असता, पर आला असता."

सगळा वॉर्ड हसला. मी चाळीस वर्षे उपदेश केला आहे. अशा प्रश्नांची उत्तरे मला पाठ होती. त्या दिवशी एकही दिले नाही. खरे सांगायचे तर त्या खाटेवर मला प्रार्थनाच येत नव्हती. 'हे पित्या' इतके म्हणून मी अडखळत असे. त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे जो चेहरा येई तो माझ्यासारखाच दिसे: हातात पट्टी घेतलेला.

नामदेवभाऊंनी मात्र त्यानंतर रोज त्यांच्या डब्यातले उकडलेले एक अंडे माझ्या ताटात ठेवले. "बापाले सांगजा, सावलीवाल्यानं देल्लं," म्हणत. मी खाल्ले. पित्याकडे त्याची नोंद असेल.

दहा मिनिटे

घरी परतलो तेव्हा मंडळीतील सर्वांची तपासणी झाली होती. रोग कोणालाही निघाला नाही. मी गुडघे टेकले आणि बराच वेळ उठलो नाही.

ज्या घरांच्या संमतीने सलोमीचे नाव खोडले गेले, त्या प्रत्येक घराच्या दारात तपासणीसाठी तीच उभी राहिली होती. सर्वांनी दार उघडले. हे मला दानियलभाऊंनी सांगितले. तेही पंच आहेत आणि त्या ठरावाला दुसरे अनुमोदन त्यांचेच होते.

पुढचे साडेपाच महिने गोळ्या घरी घ्यायच्या होत्या. नियम असा की, रोज कोणीतरी समोर बसून रुग्णाने गोळ्या गिळल्याची खात्री करावी. मी देखरेख करणाऱ्या साहेबांना फोन करून आशा बदलून मागितली.

"गावात एकच आहे, काका."

"शेजारच्या गावची द्या."

"ती रोज सात किलोमीटर चालत येईल, तुमच्या रुसव्यासाठी?"

म्हणून सलोमीच आली. रोज सकाळी साडेसहाला. गोळ्या हातावर, पाण्याचा पेला, मग, "आ करा." मी तोंड उघडे. ती पाही. उलटी झाली तर कळावे म्हणून दहा मिनिटे ओसरीच्या पायरीवर बसे, आणि जाई. ज्या मुलीचे तोंड मी प्रभूच्या मेजापुढे बंद केले, तिच्यापुढे मला रोज तोंड उघडावे लागे. हे मी रूपक म्हणून लिहीत नाही. असेच होते.

पहिला महिना त्या दहा मिनिटांत कोणी बोलले नाही. पत्नी मधेच येऊन दोघांच्याही वाटचे बोलून जाई. मी हट्टाने स्वतःसाठी वेगळे ताट काढले होते. तिने ते परत मांडणीवर ठेवले.

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं, ताटानं नाई होत. मंग मी दोन दोन ताटं काऊन घासू? तुमाले वैराग्यच पाह्यजे, त घासा आपलं आपण."

एकदा ती सलोमीला म्हणाली, "सोमाचा खोकला गेला काय?" मी विचारले, तुला त्याचा खोकला कसा ठाऊक? तेव्हा कळले की ही सात वर्षे ती नाल्यापलीकडे जात होती. मला बाराही महिने सांगे, मोहफुले वेचायला जाते.

"मोहफुले उन्हाळ्यात पडतात," मी म्हणालो.

"त मले काय मालूम! तुमी होते वनपाल."

सलोमी तोंडावर पदर धरून हसली. मी ऊन पाहू लागलो.

आजार घरातही शिरतो, तो असा. तो भिंतींना तडे पाडतो, हे सर्वजण सांगतात. आमच्या घरात तडे आधीचेच होते. त्यांतून आता उजेड दिसू लागला, इतकेच.

चार दिवस

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच हा सर्व मजकूर आहे.

चौथ्या महिन्यात मला बरे वाटू लागले. खोकला नाही, रक्त नाही, वजन वाढलेले. गोळ्यांनी मात्र दुपारपर्यंत मळमळे. पुढच्या रविवारी मंडळीत उपदेश करण्याची माझी पाळी होती; आजारानंतरचा तो पहिला उपदेश. विषय मी निवडला होता: पित्याची शिस्त. त्या दिवशी ओकाऱ्या येऊ नयेत, डोके स्वच्छ असावे, असे मला वाटले. आणि आता मी बरा झालोच आहे, असेही वाटले.

मी तीनपैकी दोन गोळ्या गिळू लागलो. तिसरी जिभेखाली धरत असे. 'आ' केले की जीभ सपाट. सलोमी गेली की मी ती चुलीच्या राखेत टाकी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी मंडळीचा पंच. ज्या माणसाने नियमासाठी पोटची मुलगी सोडली तो माणूस.

शनिवारी तिने पाहिले आणि ती पेला उचलता उचलता थांबली.

"जीभ वर करा, बाबा."

मी हलकेच मान हलवली, म्हणजे नाही.

"वर करा."

गोळी अर्धी विरघळली होती. तोंड कडू झाले होते. मी जीभ वर केली. तिने हात पुढे केला, लहान मुलाच्या तोंडातून माती काढावी तशी गोळी काढून घेतली, फेकली, आणि पिशवीतून दुसरी दिली.

"किती रोज झाले?"

"आजच," मी म्हणालो.

ती पायरीवर बसली. अंगणात कोंबडी पिले घेऊन गेली, परत आली. खोट्याचे ओझे मला पेलता आले नाही.

"चार दिवस," मी म्हणालो.

"अर्धं औषध घेतलं त रोग हट्टी होते. मंग या गोळ्यानं जात नाई. तुमीच हट्टी कमी हाय काय, का त्यालेबी शिकवता?" ती हसली नाही, पण आवाजही चढवला नाही. "डॉक्टरीणबाईले सांगाच लागन. ते औषधाचं काम हाय. दिवस वाढवतीन."

"आणि मंडळीत?"

"मंडळीत काऊन?"

"तुझ्या आईला? दानियलभाऊंना?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "मले रिपोर्ट कराची सवय नाई, बाबा."

मी पस्तीस वर्षे रिपोर्ट लिहिले. कोणी साग तोडला, कोणी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला पट्टा, ओलांडला, कोणी नियम मोडला. एकही खोटा लिहिला नाही. ते वाक्य ऐकून मला प्रथमच कळले की खरा रिपोर्टही माणसावर धोंड्यासारखा पडू शकतो.

"त्या दिवशी सभेत तू बोलली का नाहीस?" मी विचारले. सात वर्षे हा प्रश्न माझ्याजवळ होता, हेही मला तेव्हाच कळले.

"तुमी बाप म्हणून रागावले असते, त भांडली असती. लय भांडली असती. पर तुमी कागद वाचून राह्यले होते. कागदाशी काय भांडू?"

दहा मिनिटे केव्हाच संपली होती. ती उठली, चप्पल घातली. "उद्या साडेसहाले येतो. जीभ तयार ठेवजा."

ती आली. रविवारी साडेसहाला आली, आणि सोमवारीही.

मी शिस्त लावणाऱ्या पित्याविषयी आयुष्यभर बोललो. त्यात मी खोटे काही सांगितले असे मला आजही वाटत नाही. पण चार सकाळी माझ्या पित्याने मला जिभेखाली गोळी दडवताना पाहिले होते, आणि तरी पाचव्या सकाळी साडेसहाला त्याचे माणूस माझ्या दारात उभे होते. नामदेवभाऊंनी विचारले होते, तुमचा बाप भेटायला का येत नाही. तो रोज येत होता. मी आशा बदलून मागत होतो.

त्या रविवारचा उपदेश मी केला नाही. तब्येतीचे कारण दिले. तेही पूर्ण खरे नव्हते.

सभा

दिवस वाढवून औषध संपले. थुंकी स्वच्छ आली, फोटो स्वच्छ आला. पाळकांनी जाहीर केले की मुख्य पंच येत्या महिन्यापासून पुन्हा प्याला धरतील. मी विनंती केली की त्याआधी सर्व मंडळीची सभा बोलवावी.

सलोमीला मी एक दिवस आधी विचारले. तिच्या संमतीवाचून तिच्याविषयी पुन्हा सभेत बोलायचे नव्हते. ती म्हणाली, "माह्यासाठी मांडत असान त मांडा. तुमच्या जिवाले बरं वाटाव म्हणून असन, त राहू द्या."

मी रात्रीपर्यंत विचार केला. दोन्ही कारणे होती. तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "मंग मांडा. खरं बोलले."

सभेत मी उभा राहिलो. हातात कागद नव्हता. मी म्हणालो, "सात वर्षांपूर्वी मी सलोमीचे नाव खोडण्याचा ठराव मांडला. ते नाव पुन्हा लिहावे, असा ठराव आज मांडतो."

दानियलभाऊ उठले. ते माझे मित्र आहेत आणि सरळ मनुष्य आहेत. "भाऊ, नियम तुमीच सांगतला होता. आज बिमारीत पोरीनं सेवा केली, म्हणून नियम बदलला काय? उद्या माह्या घरी झालं, त मी कोनत्या तोंडानं बोलू?"

हे माझेच शब्द होते. सात वर्षे त्यांनी ते जपून ठेवले होते.

"दानियलभाऊ," मी म्हणालो, "मी औषधाची गोळी चार दिवस जिभेखाली लपवली. तुम्हा सर्वांना पुन्हा धोका होईल, हे ठाऊक असताना लपवली. विचारल्यावर खोटे बोललो. पंच खोटे बोलला तर त्याचे नाव कमी करावे, हाही आपला नियम आहे. तोही मीच लिहिला आहे. तेव्हा आधी माझे नाव खोडा. मग नियम जसा आहे तसा राहू द्या."

प्रार्थनागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. नाल्याकडून वारा येत होता. पत्नी माझ्याकडे अशी पाहत होती की जणू तिने मला नव्यानेच पाहिले.

"चार दिवस?" दानियलभाऊ हळू म्हणाले. "न पोरीले मालूम होतं?"

"तिनेच पकडले."

"न ते कोनालेच बोलली नाई?"

"नाही."

ते खाली बसले. मग मरियाबाई, ज्यांना नीट ऐकू येत नाही, शेजारणीला मोठ्याने विचारू लागल्या, काय झाले. शेजारणीने कानात सांगितले. त्या काठी टेकून उठल्या.

"मले इतकं समजते," त्या म्हणाल्या. "आपल्या बापाच्या घरात लबाड पोरगं राहू शकते, त त्याची पोरगी काऊन नाई राहू शकत? दोघायचंबी नाव लिवा न बसा. माहे गुडघे दुखून राह्यले."

ठराव झाला. नियमावर पाळकांनी पुढे वेगळी सभा घेतली. तो विषय या लेखाचा नाही. मी पंचपद सोडले. प्याला आता दानियलभाऊ धरतात.

शास्त्रात एक गोष्ट आहे, तिचा आशय असा की देवाला आपल्या लोकांचा देव म्हणवून घेण्याची लाज वाटत नाही. मी ती वाचत आलो होतो. मला माझ्या मुलीचा बाप म्हणवून घेण्याची सात वर्षे लाज वाटली. त्याला माझी एक दिवसही वाटली नाही. ज्या दिवशी वाटायला हवी होती, त्या दिवशीही नाही. अशा पित्याचा मी मुलगा आहे, याचा मला अभिमान आहे. अभिमान हा शब्द मी उपदेशात नेहमी दोष म्हणून वापरला. येथे जाणूनबुजून वापरतो.

ज्यांना हा रोग आहे त्यांना सांगतो: लपवू नका. खिडकी उघडा. गोळी गिळा. आणि रोज सकाळी जे कोणी तुमच्या दारात येईल, त्याचा चेहरा नीट पाहा.

गडचिरोलीस पुन्हा

गेल्या महिन्यात सोमाच्या चुलत भावाला तोच खोकला लागला. घाबरून तो रानात जाऊन बसला होता. सोमा मला बोलवायला आला. "मामा, तो कोनाचं आयकत नाई. तुमी चाला." मी गेलो, त्याच्याजवळ मोहाखाली बसलो, माझी सर्व कथा सांगितली, गोळीसकट. गोळीच्या गोष्टीवर तो हसला आणि उठला.

मीच त्याला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. नोंदणीच्या खिडकीपाशी मोठी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा आतल्या बाबूने मान वर न करता विचारले, "पेशंट कोन?"

मी सांगितले.

"न तुमी कोन? नातेवाईक?"

"मी सलोमीचा बाप," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. "एटापल्लीकडची सलोमीताई? आशा?"

"हो."

"अरे बाप्पा! मंग रांगेत उभे काऊन राह्यले जी? बसा न बाबा, बसा." त्याने आतूनच स्टूल पुढे सरकवले.

माझे गुडघे ठणठणीत होते. तरी मी बसलो.